‘लिहून देणार’ यांस, शिवाजी पेठेतून

श्री. लिहून देणार यांस,


खरेदीखतात तुमचं पूर्ण नाव आहे, वय आहे, धंदा आहे, पॅन क्रमांक आहे. यातलं काहीही मी इथं छापत नाही. दस्तात तुम्ही ‘लिहून देणार’ आणि माझा पुतण्या ‘लिहून घेणार’. तेवढ्या ओळखीवर हे पत्र भागेल. एकट्या तुमचं नाव घेतलं तर तुमच्याच वाटेनं जाणारे बाकीचे निर्धास्त होतील, आणि मला त्यांनाही हे वाचायला लावायचं आहे.

आधी तुमच्या तयारीबद्दल बोलू. घर दाखवायला तुम्ही मे महिना निवडलात. मे महिन्यात कोल्हापुरातलं कुठलंही घर कोरडं ठणठणीत असतं. वेळ दिलीत दुपारी चारची, म्हणजे पश्चिमेचं ऊन थेट हॉलमध्ये. रंग नवा, उंबऱ्यावर हळद-कुंकू ताजं, मोरीत डांबरगोळ्या. मागच्या खोलीत भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट होतं. “हे तुम्हालाच राहू दे, कुठं हलवत बसू,” म्हणालात. आमच्या सूनबाईला बरं वाटलं. माणूस दिलदार आहे, असं ती घरी येऊन सांगत होती. त्या कपाटामागं काय होतं, ते तिला जुलैत कळलं.

पुतण्याला घर का हवं होतं, हेही तुम्हाला ठाऊक होतं, कारण त्यानं ते भाबडेपणानं तुमच्यासमोर बसून सांगितलं. शिवाजी पेठेतलं आमचं घर आजोबांच्या वेळचं. मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. वाटण्या होत होत एकेका कुटुंबाच्या वाट्याला दीड खोली आली. पोरगी मोठी झाली, तिला अभ्यासाला जागा नाही. पुतण्यानं आपला हिस्सा थोरल्या भावाला दिला, त्याच्या आईनं पाटल्या मोडल्या, उरलेल्या रकमेसाठी बँकेचं वीस वर्षांचं कर्ज काढलं. पेठेतून बाहेर पडणारी बहुतेक पोरं अशीच पडतात. फुलेवाडी, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, जिकडं परवडेल तिकडं. महापालिका 1972 साली झाली. त्यानंतर हद्दवाढीच्या बाजूनं आणि विरोधात आंदोलनं होत राहिली, आणि तोवर शहर हद्द ओलांडून कधीच पलीकडं गेलं. 2017 साली भोवतालच्या 42 गावांसाठी प्राधिकरण नेमलं गेलं, पण त्याच्या आधीच शेतांचे गुंठे पडले होते आणि गुंठ्यांवर घरं उभी होती. तुमचं घर त्यातलंच.

जून सरता सरता पाऊस लागला. आधी घरात वास येऊ लागला, बंद पोत्यातल्या ओल्या धान्यासारखा. मग भिंतीच्या तळाचा रंग फुगला. बोट लावलं की पोपडा हातात यायचा आणि आत गिलाव्यावर पांढरा लोणा. सूनबाईला वाटलं गच्ची गळते. पण गच्चीची ओल वरून वेडीवाकडी उतरते. जमिनीतून चढलेली ओल कुठं वीतभर, कुठं हातभर चढते. इथं चारही खोल्यांत, अगदी मधल्या भिंतींवरसुद्धा, दोरी लावून रेघ ओढावी तसा एकाच उंचीवर डाग होता. कपाटामागं तर तुम्ही रंगसुद्धा दिला नव्हता. तिथं ती रेघ उघडीच होती, माझ्या मांडीपर्यंत, आणि तिच्या खाली वाळलेल्या गाळाची तपकिरी झाक.

आमच्या गल्लीतला वायरमन मी सोबत नेला. त्यानं हॉलमधला खालचा, टीव्हीमागचा स्विचबोर्ड उघडला. वरची पट्टी नवी, स्विच नवे, वायरचं टोकही नवं. पण भिंतीतली लोखंडी पेटी जुनीच होती. तिचे स्क्रू गंजून पेटीला चिकटले होते आणि पेटीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा बारीक, राखाडी गाळ बसला होता. त्या गाळात गवताची एक काडी होती. वायरमननं ती चिमटीत धरून पुतण्याला दाखवली आणि म्हणाला, “भावा, तुझ्या बोर्डात नदी येऊन गेलीय.” वरच्या उंचीचा बोर्ड उघडला, तो आतून लख्ख. रंगारी तुम्ही चांगला बघितला होता. पेटी बदलायला भिंत फोडावी लागली असती आणि तेवढा खर्च तुम्हाला नको होता.

मग मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. तुमचं नाव न घेता विचारलं, पुराचं पाणी इथवर येतं का? दुकानदारानं शटरच्या खांबावरची रंगाची खूण दाखवली. 2019 ला इथवर, 2021 ला पुन्हा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीचं पाणी पंचगंगेत येतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. नदी एवढी चढली की नाल्यातलं पाणी नदीत शिरू शकत नाही. ते उलटं मागं सरकतं, त्याला फुगवटा येतो, आणि नदीपासून लांब, नदी दिसतसुद्धा नाही अशा वसाहतीत ते मागच्या बाजूनं घरात शिरतं. तुमच्या घरामागं पंचवीस पावलांवर नाला आहे. मे महिन्यात तो झुडपांनी झाकलेला, कोरडा होता. तुम्ही पुतण्याला सांगितलंत, “ती ओढ्याची पड जागा आहे, कधी बांधकाम होणार नाही, म्हणजे वारा कायम मोकळा.” यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हे मी मान्य करतो.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. पूर ओसरल्यावर घराघरांत पंचनामे झाले. पूरग्रस्तांच्या यादीत तुमचं नाव आहे. पंचनाम्यावर तुमची सही आहे: घरात पाणी शिरलं, एवढे फूट होतं, एवढे दिवस होतं, संसारोपयोगी वस्तूंचं नुकसान झालं. त्याची नक्कल पुतण्यानं अर्ज करून काढली. सरकारची मदत घेताना घर बुडालं हे तुम्ही सही करून सांगितलंत. ती मदत तुमच्या हक्काची होती, तुम्ही पूरग्रस्त होता, त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. पण तीच सही खरेदीखताखाली करताना त्याच घराबद्दल तुम्ही गप्प बसलात. एकाच हातानं, एकाच घराबद्दल. दुय्यम निबंधकाच्या खोलीत अंगठा उठवताना, कॅमेऱ्यात बघताना, शेजारी बसलेल्या आमच्या वहिनींच्या मोकळ्या मनगटाकडं तुमची नजर गेली असणारच. तरी तुम्ही बोलला नाहीत.

तुम्ही म्हणाल, विचारलं असतं तर सांगितलं असतं. कायदा आमच्या विचारण्या-न विचारण्यावर थांबत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा, त्याचं कलम 55. मिळकतीतला किंवा मालकी हक्कातला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगायलाच हवा. आणि त्याच कलमाच्या शेवटी लिहिलं आहे की असं न सांगणं ही फसवणूक आहे. इंग्रजांच्या काळापासून हे कलम जागेवर आहे. तुमच्या वकिलांनाही ते पाठ असणार.

तुम्ही दस्तातल्या त्या नेहमीच्या वाक्याकडं बोट दाखवाल, की सदर मिळकत लिहून घेणार यांनी समक्ष पाहून, खात्री करून घेतली आहे. पाहिली ना. तुम्ही जी दाखवलीत ती पाहिली. नव्या रंगाखालची रेघ आणि कपाटामागची भिंत साधारण काळजीनं दिसत नाही. त्यासाठी कपाट हलवावं लागतं, आणि पाहुणा म्हणून घरात आलेला, चहा घेतलेला माणूस यजमानाचं कपाट हलवत नाही. तुम्ही त्याच्या सभ्यपणावर भरवसा ठेवलात.

पेठेत हे जमलं नसतं. इथं घर विकायला निघालं की आठवड्यात तालमीच्या कट्ट्यावर त्या घराची कुंडली मांडली जाते. कुठल्या भिंतीत ओल आहे, कुठल्या भावानं अजून हक्कसोड दिलेलं नाही, कुणाच्या नळाचं पाणी कुणाच्या परसात मुरतं. घेणाऱ्याला न विचारता चार जण सांगतात. जमिनीची आठवणसुद्धा इथं माणसांनी धरून ठेवली आहे. आमच्या गांधी मैदानावर दर पावसाळ्यात तळं साचतं आणि नवखी माणसं गटारीला दोष देतात. पेठेतल्या जुन्या माणसाला ठाऊक असतं की ते मैदान म्हणजे बुजवलेलं वरुणतीर्थ. शेजारच्या वेशीचं नाव अजून वरुणतीर्थ वेसच आहे. कपिलतीर्थ बुजवून मंडई झाली, खंबाळा तलाव गेला, रावणेश्वराचं तळं गेलं. हे शहर तळ्यांवर वसलं आहे आणि पाणी आपली जागा विसरत नाही, हे इथं कुणी कुणाला शिकवत नाही, ते कानावर पडत राहतं. नव्या वसाहतीत मात्र सगळेच कालपरवा आलेले. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं आडनाव ठाऊक नसतं. तुमचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर उभा होता, की पुतण्याला तिथं ओळखणारं आणि हटकणारं कुणी नाही.

आणि तुम्ही एकटे नव्हता. एजंटाला पुराचं ठाऊक होतं. त्यानंच त्या गल्लीत आणखी घरं विकली आहेत. शेजारच्या गृहस्थांनाही ठाऊक होतं. पुतण्या त्यांच्या दारात उभा राहून “परिसर कसा आहे?” विचारत होता तेव्हा ते म्हणाले, “एकदम शांत.” उद्या त्यांनाही घर विकायचं आहे, म्हणून ते बोलले नाहीत. एक खरं बोलला की सगळ्या गल्लीचा भाव उतरतो, या भीतीनं सगळी गल्ली गप्प राहते आणि दरवर्षी एखादं कुटुंब त्यात येऊन पडतं. तुम्हालाही कदाचित असंच कुणीतरी फसवून ते घर गळ्यात मारलं असेल. तसं असेल तर मला तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटतं. पण म्हणून तुम्ही ते पुढच्याच्या गळ्यात मारायला मोकळे होत नाही.

तुम्हाला हे ओलीचं प्रकरण किरकोळ वाटत असेल, तर महाडची आठवण करून देतो. 24 ऑगस्ट 2020 ला तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 माणसं गेली. इमारत जुनी नव्हती, जेमतेम सात वर्षांची. तिथं राहणाऱ्यांनीही घर घेताना रंग बघितला होता, फरशी बघितली होती. खांबात काय आहे ते कुणाला दिसणार? कागदांचंही तसंच. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींना खोट्या बांधकाम परवान्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवली गेली. 2024 साली उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा आत हप्ते भरणारी कुटुंबं राहत होती. दोष लपवणाऱ्यानं पैसे घेतले आणि तो निघून गेला. मागं राहिले ते घर घेणारे.

तुमच्या बाबतीत महारेराचाही धाक नव्हता, हे तुम्ही आधीच हेरलं असणार. बिल्डरनं दिलेल्या नव्या घरात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो, तोही 30 दिवसांत. पण 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या कामाला नोंदणीच लागत नाही, आणि तुमच्यासारख्यानं स्वतःचं राहतं घर पुन्हा विकलं तर प्रश्नच मिटला. उपनगरातली दोन-तीन गुंठ्यांवरची बहुतेक घरं या फटीतूनच विकली जातात.

पत्र खुलं आहे, म्हणून पुढचं लिहून घेणाऱ्यांसाठी. तुम्हीही वाचा, तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक असेल.

घर मे महिन्यात आवडलं तर बयाणा जुलैत द्या. तेवढा दम निघत नसेल तर निदान विकणाऱ्याच्या भिंती बघत बसू नका, शेजारच्या बघा. तो स्वतःचं घर रंगवतो, गल्ली रंगवत नाही. कंपाउंडच्या भिंतीची मागची बाजू, शेजारच्या पडक्या खोलीचा तळ, दाराच्या लाकडी चौकटीचा खालचा वीतभर भाग, ओट्याखालच्या कपाटाची मागची फळी, आणि परवानगी मागून जमिनीलगतचा एक स्विचबोर्ड. एखाद्याच खोलीत फक्त खालची फरशी नवी असेल तर का, ते विचारा. दूधवाल्याला, टँकरवाल्याला, पोरांच्या शाळेच्या रिक्षावाल्याला विचारा. त्यांना त्या गल्लीत घर विकायचं नसतं. पाटबंधारे खात्यानं आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेत तो गट नंबर येतो का, हे लेखी काढून घ्या. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. गेल्या काही वर्षांत आपण ती शंभर वर्षं फार लवकर पुरी होताना बघितली आहेत.

काळ्या रानातलं घर असेल तर दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या जाणाऱ्या भेगा शोधा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर दरवर्षी थोडं हलतं, दारं पावसाळ्यात घट्ट होतात आणि ती रंधा मारून मारून बसवलेली असतात. दाराची वरची कड बोटानं चाचपा.

आणि कागद. घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे आपल्याकडं अजून सांगावं लागतं. सातबारावर शेती आहे की बिनशेती आदेश झाला आहे, गुंठेवारी नियमित झाली आहे का, इतर हक्कात काय लिहिलं आहे, फेरफार कुणाच्या नावे आहे, तीस वर्षांचा सर्च निघाला आहे का. कोल्हापूर भागात तर जमीन देवस्थान इनामाची नाही ना, हे आधी बघा. देवाच्या जमिनीवर घर बांधून विकणारे लोक आहेत, आणि अशा खरेदीखताला किंमत शून्य. पुतण्यानं हे सगळं तपासलं होतं. तुमचे कागद निर्दोष होते. सगळा दोष भिंतीत होता.

तर लिहून देणार महाशय, आता मागणी. ओल दुरुस्त करून देतो, चार पोती वॉटरप्रूफिंग पाठवतो, असले निरोप एजंटाकरवी पाठवू नका. नाला उचलून दुसरीकडं ठेवता येत नाही आणि जमिनीची पातळी वाढवता येत नाही. दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर घर परत घ्या आणि रक्कम, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि बँकेला गेलेलं व्याज परत करा. नाहीतर पूर येणाऱ्या घराचा त्या गल्लीत जो खरा भाव निघतो तो दोन त्रयस्थ मूल्यनिर्धारकांकडून काढून घ्या आणि वरचे पैसे परत द्या. फसवणूक कळल्यापासून दावा लावायला तीन वर्षं असतात. आम्हाला ती जुलैत कळली. वकिलांनी पंचनाम्याची नक्कल आणि स्विचबोर्डाचे फोटो फाइलला लावले आहेत. गाळाची पुडीही ठेवली आहे.

पुतण्यानं मात्र एक आत्ताच ठरवून टाकलं आहे आणि ते मला तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. ते घर त्याच्याकडंच राहिलं आणि कधी विकायची वेळ आली, तर 2019 च्या आणि 2021 च्या पाण्याची उंची खरेदीखतात लिहूनच तो विकणार. कमी पैसे येतील, हे त्याला कळतं. सूनबाईनं त्या लोखंडी कपाटामागची भिंत रंगवायला नकार दिला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवते.

उत्तर पुतण्याला पाठवा. पत्ता तुम्हाला ठाऊकच आहे.

कळावे,
लिहून घेणाऱ्याचा काका
शिवाजी पेठ, कोल्हापूर